अणुभट्टीचं घर बघायला पाच जण

आधीच सांगून टाकते, या पोस्टमध्ये एकही फोटो नाही. जिथे गेलो तिथे मोबाइल गेटवरच जमा करून घेतात. शिवाय आम्ही जे बघायला गेलो ते नीट बघितलं की नाही, यावर घरात अजून वाद चालू आहे.

झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीची, सायलीची, अणुभट्ट्यांच्या संशोधनाच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली. सरकार आता छोट्या, नव्या धर्तीच्या अणुभट्ट्या उभारणार म्हणतंय, त्यासाठी पैसा देतंय आणि त्या कामाला माणसं हवीत. आई पेढे वाटून मोकळी झाली. बाबांनी मात्र पेढा तोंडात टाकला नाही. सोमवारी होकार कळवायचा होता आणि खारघरच्या एका बँकेतली नोकरीही हातात होती.

"बँकच बरी," बाबा म्हणाले. "सरकारचा शब्द मी एकदा घेतलाय."

आमची जमीन सरकारी प्रकल्पात गेली तेव्हा बाबा कॉलेजात होते. बदल्यात कबूल केलेला प्लॉट हातात आला तेव्हा मी कॉलेजात होते. त्यामुळे या वाक्यापुढे आमच्या घरात कुणी बोलत नाही. सायली बोलली. "निदान बघून तरी या," असं म्हणून तिनं पालघरकडच्या अणुवीज केंद्राच्या माहिती दालनाची परवानगीच आणली. प्रशिक्षणातला बराच काळ ती तिथेच राहणार होती.

इथे आत्यानं सूत्रं हातात घेतली. "पोरीला धाडायची हाय ना? मंग घर बघाया जातात तसंच जायाचं, रीतीनं."

रीत म्हणजे माणसं विषम, सोबत नारळ आणि नवरी घरी. त्यातून आमच्या घराण्याचा खास नियम असा, की स्थळ पसंत पडेपर्यंत तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. थोडक्यात, ज्या एकीला अणुभट्टी कळते तिला घरी ठेवून, ज्यांना इंडक्शनची शेगडीही कळत नाही असे आम्ही निघालो. बाबा, आत्या, मी आणि गाडी चालवायला माझा नवरा. चार भरले म्हणून ऐन वेळी चुलतकाकांना उचललं. आपण कुठे चाललोय हे त्यांना कळंबोली सोडल्यावर कळलं. "मी तर हळदीला चाललोय समजलो," ते म्हणाले आणि खाली नव्या शर्टाकडे बघत राहिले.

जाणाऱ्यांसाठी सांगते, पनवेलजवळच्या आमच्या करंजाड्याहून पहाटे साडेपाचला निघा. घोडबंदर रोड सातच्या आत पार झाला तर तुम्ही जिंकलात. आम्ही आत्याच्या पूजेमुळे हरलो. मनोरच्या अलीकडे मिसळ बरी मिळाली, तिखट पण खरी. पाणी इथेच पोटभर पिऊन घ्या, असं बाबांनी सगळ्यांना बजावलं. बोईसरपासून पुढे रस्ता अरुंद आहे, ट्रक भरपूर, मधेच ताडाची झाडं आणि ऊन मात्र रग्गड.

गेटवर पहिली अडचण आली. पिशवीत नारळ बघून सुरक्षारक्षकानं विचारलं, "ये क्या है?"

"नारल हाय," आत्या तडकली. "आमी काय बॉम्ब आणलाय?"

अणुवीज केंद्राच्या गेटवर हा शब्द काढू नये, ही या पोस्टमधली सर्वांत उपयोगी सूचना. पाऊण तास गेला. नारळ मोबाइलशेजारच्या खणात ठेवून त्याचीही पावती मिळाली.

माहिती दालनात माझ्याच वयाच्या एक मॅडम भेटल्या, तिथल्याच अभियंता. फार गोड बाई. आल्या आल्या ट्रेमधून पाच ग्लास गार पाणी आलं. घसा असा कोरडा पडला होता, की माझा हात आपोआप पुढे गेला. बाबांनी नुसतं बघितलं. हात मागे. "नको," बाबा म्हणाले. "नको," आत्या म्हणाली. काकांनी ग्लासाकडे बघत आवंढा गिळला आणि तेही "नको" म्हणाले.

मॅडमचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, आम्ही पाण्याला घाबरलोय!

मग त्या बिचारीनं जिवाचं रान केलं. पाण्याची तपासणी कशी होते ते सांगितलं, तक्ते दाखवले, "माझी मुलगी हेच पाणी पिते, दुसरीत आहे," असं म्हणत स्वतः एक ग्लास रिकामा केला. आम्ही माना डोलावल्या आणि कुणीही प्यायलं नाही. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. शेवटी मी खरी रीत सांगितली. त्यांनी आ वासला आणि मग इतक्या हसल्या, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

"मग विचारा काका," त्या बाबांना म्हणाल्या. "घर बघायला आलात ना?"

बाबांनी अणूबद्दल एक अक्षर विचारलं नाही. "सरकार आज पैसे देते. उद्या बंद केले तर माजी पोर काय करेल?"

आता या छान छान बोलणार, असं मला वाटलं. त्यांनी हातातले तक्ते बाजूला ठेवले. "काका, बंद होणार नाहीत असं मी सांगू शकत नाही. माझं पहिलं काम मधेच थांबलं होतं. चार वर्षं घातली होती, खूप रडले मी. पण शिकले होते ते माझ्याकडेच राहिलं. त्याच्यावर दुसरं काम मिळालं."

"जमिनीसारखं काढून घेता येत नाय," बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

आणि त्यांनी ग्लास उचलला. आत्यानं लगेच पदर सावरून दुसरा घेतला. काकांनी तर तिसरा आणि चौथा. माझ्या नवऱ्याला आणि मला थेंब उरला नाही, पण तक्रार कोण करणार?

परतीला घोडबंदरला दीड तास अडकलो, कुणी कुरकुरलं नाही. खरं सांगू? अणुभट्टी म्हणजे काय हे मला अजून समजलेलं नाही. भट्टीचा तो घुमट लांबूनच दिसला. पण मॅडमचं ते "सांगू शकत नाही" मनात राहिलंय. गोड थाप मारली असती तर बाबा तहानलेले परत आले असते.

सायली खाली पार्किंगमध्येच उभी होती. गाडीचं दार उघडायच्या आत तिनं एकच शब्द विचारला, "पाणी?"

"बाबा प्यायले. काकांनी तर दोन ग्लास," मी म्हणाले.

ती तिथेच पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. बाबा गडबडले. नारळ तिच्या ओटीत ठेवत म्हणाले, "अगं, रडतेस काय? ऊन किती होतं तिथं!"