पाण्यातल्या घराचं पान

बालवाडीच्या कामाला लागले तेव्हा माझ्या ताब्यात आलेल्या वस्तू अशा: दोन सतरंज्या, एक फळा, पाण्याचा माठ, दुधाच्या भुकटीचं पिंप आणि लाकडी ठोकळ्यांची पेटी. गाव मुळशीच्या धरणाच्या पाण्याकाठचं. बालवाडी देवळाच्या ओसरीवर भरायची. पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसऱ्या वर्षी चैत्रात बडबडगीतांचं एक पुस्तक आलं आणि बालवाडी उठायची वेळ आली.

पुस्तक देखणं होतं. रुंद, जाड पानं. डाव्या पानावर चार ओळींचं गाणं, उजवीकडे रंगीत चित्र. चष्मा लावलेला कावळा, बाजाराला निघालेली मुंगी, छत्रीतला बेडूक. आमच्या पोरांनी तोवर छापील चित्र पाहिलं होतं ते फक्त कॅलेंडरवरच्या देवाचं. त्यामुळं पहिल्या दिवशी ती ओळीनं उठून बेडकाच्या पाया पडली.

मी रोज एक पान घ्यायचं ठरवलं. आठवड्याभरात होडीचं पान आलं. कौलारू घर, पाणी ओट्याच्या खालच्या पायरीला टेकलेलं, अंगणात कागदी होडीत बसलेला मुलगा, आणि खिडकीतून हसत बघणारी आई. गाणं असं:

पाणी आलं दारी गं,
होडी माझी भारी गं,
आई, घर भिजू दे,
होडीत मला निजू दे!

पोरांना ते एका दुपारीत पाठ झालं. संध्याकाळी गल्लीभर तेच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी ओसरीवर मोजकीच पोरं आली. त्यानंतर एकही नाही.

कारण शोधायचं तर क्रमानं शोधावं. गोवर आहे का? नव्हता. कुणाकडे लग्न? नव्हतं. घरोघर गेले. एका दारात बाई म्हणाली, "पोरगं निजलंय," आणि पोरगं तिच्या लुगड्याआडून माझ्याकडे टकमक बघत होतं. बाकीच्या दारांतही तीच तऱ्हा. शेवटी माझ्या सगळ्यात चुणचुणीत मुलीच्या घरी गेले. तिची आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"आजी, नातीला का नाही पाठवलं?"

"नात ऱ्हाऊ दे. तू आदी सांग, पानी कवा सोडनार?"

"कसलं पाणी?"

"आता गं बया! पोरास्नी गानं शिकिवती आन मलाच इचारती, कसलं पानी!"

आतून सून म्हणाली, "आत्याबाई, हळू बोला."

"का म्हून हळू? घर भिजू दे म्हनं! हिच्या बाचं हाय व्हय घर?"

मग म्हातारीनं सुपातला हात न थांबवता सांगितलं. ती नवी नवरी होती तेव्हा गाव खाली, आता पाणी आहे तिथं होतं. आधी गोड बोलणारी माणसं आली. ओट्यावर बसली, गूळ-पाणी प्याली, घरात पोरं किती ते विचारलं. "पयलं गोड बोलत्यात, मंग खुंट्या रोवत्यात, मंग पानी येतंय," ती म्हणाली. दर वैशाखात पाणी हटलं की जुन्या घरांची जोती उघडी पडत. आपल्या जोत्यावर ती नातीला नेऊन बसवत असे.

"नात म्हनली, त्या चित्रातलं घर आमचंच हाय. त्योच वटा, तेवढ्याच पायऱ्या."

"आजी, चित्रकार शहरातला. त्यानं तुमचं घर कधी पाहिलं असणार?"

"मंग त्याला वटा कसा ठावं? आन वर खडकांवर चुना कुनी फासला?"

चुना मीही पाहिला होता. चार-दोन दिवसांपूर्वी काही माणसं येऊन वस्तीच्या वरच्या अंगाला, उतारावरच्या खडकांवर, पांढऱ्या खुणा करून गेली होती.

"मोठी मानसं ऐकत न्हाईत, म्हून आदी पोरास्नी सवय लावायची," म्हातारी म्हणाली. "आमी येडी न्हाई, बाई."

मी तालुक्याला गेले. बालवाड्यांवर देखरेख करणाऱ्या आमच्या मुख्यसेविका म्हणाल्या, "पुस्तक सगळ्या बालवाड्यांना गेलंय. मी श्रावणात येईन. मुलं दिसली नाहीत, तर बालवाडी दुसऱ्या गावाला देऊ." खुणांचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, रस्त्यासाठी असतील. कचेरीतला कारकून म्हणाला, झाडं लावायची आहेत. एस.टी.ची वाट बघताना शेजारच्या जांबे गावातल्या बालवाडीची बाई भेटली. तिला पुस्तकाचं विचारलं. "कसलं पुस्तक? आम्हाला नाही बाई काही आलं."

परतीच्या सगळ्या वाटेवर मी त्या एका वाक्याला चिकटून होते. मग आम्हालाच का? पुस्तकं वाटण्यात गोंधळ होतात, हे मला माहीत होतं. तरीही घरी येऊन मी ते पान खिडकीशी धरलं आणि पायऱ्या मोजल्या.

म्हातारीला जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. रस्ता, झाडं, जांबे, सगळं. ती म्हणाली, "तुला काय ठावं न्हाई म्हनतीस न्हवं? मंग खाली ऱ्हायला ये. तू वर साळंमागं ऱ्हातीस. तुला काय, पानी आलं तरी पाय भिजायचं न्हाईत."

गावातली सगळ्यात खालची खोली एका मेंढपाळ कुटुंबाच्या मेंढरांच्या वाड्याला लागून होती. खोली मोकळीच होती. ज्येष्ठात मी ट्रंक, वळकटी आणि स्टोव्ह तिथं हलवला. बाया काही ना काही निमित्त काढून यायच्या आणि ट्रंक उघडी आहे की बांधून ठेवलीय ते बघून जायच्या. पोरं मात्र आली नाहीत.

आषाढात पाणी चढायला लागलं. माझ्या दारातून ते दिसायचं. काल दिसलेलं झुडूप आज नसायचं. दरसालचं असेल, असं मी स्वतःला सांगत होते. पण गेल्या साली मी वर राहत होते, नीट पाहिलंच नव्हतं. सकाळी उठून मी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवायला लागले. संध्याकाळी तो बुडालेला असे. मग दुसरा ठेवायचा.

एका सकाळी दगड ठेवून वळले, तर मागं म्हातारी उभी. डोक्यावर इरलं, हातात काठी.

"काय करतीस गं?"

"काही नाही."

"दगुड ठिवतीस व्हय?"

"फार चढतंय हो, आजी."

ती इतकी हसली की इरलं घसरलं. "चढनारच की! त्या उंबरापातूर येतंय दरसाल. त्याच्या म्होरं आलं तर ट्रंक टाक आन पळ!" मग वस्तीकडं तोंड करून सुनेला ओरडली, "अगं ए, हिला कायबी ठावं न्हाई! जिला ठावं आसंल ती कशाला दगुड ठिवत बसंल? ही तर आपल्यावानीच भ्यालीया!"

दुसऱ्या दिवशी नात आली. पाठोपाठ तिची आजीही ओसरीवर येऊन बसली, तिनं पुस्तक मागून घेतलं आणि एकेक पान उलटून मला विचारलं, हे शिकिवनार का, ते शिकिवनार का. होडीच्या पानावर हात ठेवून म्हणाली, "ह्ये न्हाई."

"नाही घेणार."

आठवडा संपायच्या आत ओसरी भरली. श्रावणात मुख्यसेविका आल्या. त्यांनी मुलं मोजली, मुंगीचं गाणं ऐकलं, आणि पुस्तक चाळता चाळता त्या होडीपाशी थांबल्या. "हे का नाही घेतलं? किती गोड आहे!" मुलं माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "वेळ झाला नाही."

पाणी उंबरापाशी थांबलं. तरी त्या गावात होते तोवर ते गाणं मी घेतलं नाही. खडकांवरचा चुना पावसानं धुऊन गेला. त्या खुणा कशाच्या होत्या, हे मी पुढंही पुष्कळांना विचारलं. प्रत्येकानं मला वेगळं सांगितलं.