ग्रहणातलं पाणी

कसबा पेठेतल्या तांबट आळीत तुळजाबाई सुईण शिरली की बायका आपसूक पदर सावरायच्या. तिची नजर आधी पोटावर जायची, मग तोंडावर. गरोदर बाई दिसली की भर रस्त्यात बोलून मोकळी व्हायची, "पोट उतरलंय गं तुझं. श्वास मोकळा झाला ना? मग आता हंडे उचलायचं पुरे कर. नवऱ्याला म्हणावं, नुसते घडवतोस, एखादा भरूनही आण." शनिवारवाड्यात पेशव्यांचा दरबार भरत होता त्या काळची ही गोष्ट. वैद्यबुवा मोठ्यांच्या नाड्या बघत, आळीतल्या बायकांना तुळजाबाईशिवाय होतं कोण?

खरी कळ कोणती आणि खोटी कोणती, हे तिला उंबऱ्यातूनच कळायचं. जरा आडवं पडलं की थांबते ती खोटी. कंबरेतून निघते, ओटीपोटात उतरते, पोट घट्ट दगड करते आणि फिरून फिरून येते ती खरी. चिकट, तांबूस डाग दिसला की ती चुलीवर पाणी ठेवायला लावायची. पण पाणमोट, म्हणजे मुलाभोवतीची पाण्याची पिशवी, फुटून पाणी गेलं की तिची सगळी चेष्टा संपायची. पाणी गेल्यावर मूल आत फार काळ राहू द्यायचं नाही, ताबडतोब मला बोलवायचं, हे तिनं प्रत्येक सासूला बजावून ठेवलं होतं.

एवढी जहांबाज बाई, पण एका गोष्टीला ती फार भ्यायची. पूर्वी तिच्या हातून एक फाटक्या ओठाचं मूल जन्मलं होतं. सुइणीनं ग्रहण पाळायला सांगितलं नाही म्हणून असं झालं, असा पेठेत बोभाटा झाला आणि बराच काळ तिला कुणी दारात उभं केलं नाही. उपाशी दिवस काढले बिचारीनं. तेव्हापासून ग्रहण जवळ आलं की ती घरोघर जाऊन असा काही दम भरायची की बायकांची बोबडी वळायची.

त्या वर्षी कार्तिकात सूर्यग्रहण होतं. दत्तोबा तांबटाची बायको सगुणा तेव्हा पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. आई लहानपणीच गेलेली, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. तुळजाबाईनं तिच्या पोटावर हात फिरवला. "उतरलंय खरं. पण अजून अवकाश आहे." मग तिनं आवाज चढवला. "आता नीट ऐक. वेध लागले की अंधाऱ्या खोलीत बसायचं. सुरी नाही, सुई नाही, घोटभर पाणी नाही. लघवीलासुद्धा जायचं नाही. तुझ्याकडून जे चुकेल ते लेकराच्या अंगावर उमटेल. ओठ फाटतात, कळलं?"

सगुणानं नुसती मान हलवली. सासू गिरजाबाई म्हणाली, "ऐकलंस ना? आमच्या घरात असलं काही आजवर झालेलं नाही."

ग्रहणाच्या दिवशी आळीतले हातोडे थांबले. एरवी शेजारणीशी बोलायचं तरी ओरडावं लागे, त्या आळीत आता माशी घोंगावलेली ऐकू येत होती. ऊन राखेसारखं झालं. कावळे भलत्याच वेळी झाडांवर परतले. तुळजाबाई आपल्या घरात दार लावून बसली होती, तिच्या जिवाला उगीच घोर लागला होता. शेवटी दान मागणाऱ्यांच्या हाका आल्या, ग्रहण सुटलं, घरोघर आंघोळी झाल्या आणि सगळ्यांची ओली लुगडी दोरीवर चढली.

दुसऱ्या दिवशी ती सगुणाकडे गेली. पोरगी गुडघे आवळून बसली होती. पोटाला हात लावताच तुळजाबाई चमकली. पोट लहान वाटत होतं, मूल हाताला एकदम लागत होतं.

"कळा येतात?"

"नाही."

"अंगावरून पाणी गेलं?"

सगुणानं सासूकडे पाहिलं. "नाही."

"अहो, काही नाही," गिरजाबाई म्हणाली. "ग्रहण कसं अगदी मूर्तीसारखं बसून काढलं तिनं. तुमचा शब्द खाली पडू दिला नाही."

हे ऐकून तुळजाबाईला बरं वाटलं. नको तितकं बरं वाटलं. हाताला जे लागलं होतं ते तिनं मनातून झटकलं, ताकाचा पेला रिकामा केला आणि घरी आली.

पुढे एका दुपारी दत्तोबा स्वतः धावत आला. हात तसेच काळे, पायात काही नाही. "तुळजाबाई, चला. हिचं अंग फणफणलंय. मूल हलत नाही म्हणते."

खोलीत पाऊल टाकताच तुळजाबाईला कुजका वास आला. तिनं गिरजाबाईला बाहेर काढलं, दार लोटलं. "पोरी, आता खरं सांग."

सगुणा रडायला लागली. "ग्रहणात माझ्याकडून चुकलं. मी उठले नाही हो, देवाशपथ. बसल्या जागीच लघवी झाली. कितीतरी झाली, आवरेचना. मग आंघोळीत लुगडं धुऊन टाकलं. अजून थेंब थेंब जातंय. बाळाचा ओठ फाटला असेल ना?"

तुळजाबाईला सगळं उमगलं. ती लघवी नव्हती. पाणमोट फुटली होती आणि तिनंच घातलेल्या भीतीपायी या पोरीनं ते लपवलं होतं.

मग तिनं हात चालवले. एरंडेल पाजलं, कंबर शेकली, तापानं लटपटणाऱ्या पोरीला भिंतीच्या आधारानं चालवलं. कळा सुरू झाल्या. बाहेर हातोडे चालूच होते. ऊन उतरायच्या आत मुलगा झाला, पण रडला नाही. तिनं त्याला उलटा धरला, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, जीव परतावा म्हणून नाळेची वार निखाऱ्यावर शेकून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

सगुणा मान उचलून एकच विचारत होती, "ओठ कसे आहेत?"

तुळजाबाईनं त्याला उजेडात नेलं. "धड आहेत," ती म्हणाली. "सगळं धड आहे गं."

दाराबाहेर गिरजाबाईनं कपाळ बडवलं. "ग्रहणात हिनंच काहीतरी केलं असणार!"

तुळजाबाई गप्प राहिली असती तर तिच्यावर कुणीच बोट ठेवलं नसतं. तो जुना बोभाटा, ते उपाशी दिवस, सगळं तिला आठवलं. तरी ती मूल घेऊन बाहेर आली.

"तिनं काही केलं नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं तशीच वागली ती. माझ्या सांगण्यापायी तुमचा नातू गेला."

दत्तोबानं मूल तिच्या हातातून घेतलं.

सगुणा त्या दुखण्यातून उठली. तुळजाबाईला मात्र त्या आळीनं पुन्हा बोलावलं नाही. पुढं परत सूर्यग्रहण आलं, हातोडे थांबले, तेव्हा ती न बोलावता आली. राखाडी उन्हात दारोदार उभी राहून ओरडत गेली, "बायांनो, पाणी गेलं तर लपवू नका गं! हाक मारा!" आतून शिव्या आल्या. दार कुणी उघडलं नाही.

दत्तोबाचं दार तेवढं किलकिलं झालं. अंधारात सगुणा उभी होती, पुन्हा दिवस भरत आलेली, एक हात कंबरेवर.

"आत या," ती म्हणाली. "सकाळपासून कंबर धरलीय."