डॅनिश पाहुणा आणि बेसूर धवला

माझ्या वरच्या मजल्यावर तीन महिने एक डॅनिश संगीतकार राहत होता. या एका वाक्यावर मी दोन वर्षं पनवेलभर मिरवले. भाजीवालीलासुद्धा सांगितलं. ती म्हणाली, "भाड्यानं का?" मी दुखावले. आज नातवंडांची आजी झाल्यावर वाटतं, त्या माणसाबद्दल इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारलाच नाही.

मी तेव्हा शाळेत संगीत शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. विशारद. पेटीवर हात बसलेला आणि डोक्यात हवा, तीही पेटीच्या भात्यात मावणार नाही एवढी.

त्याचं आयुष्य त्यानं मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. कुठल्याशा बेटावर जन्म, बापाची डुकरं, चर्चमध्ये ऑर्गनची शिकवणी. ऑर्गन वाजवता वाजवता त्याला साक्षात्कार झाला की जगात सूर फार झालेत. तेव्हापासून तो ते कमी करत होता. त्याच्या एका रचनेत बारा व्हायोलिनवाले वीस मिनिटं एकच सूर धरून बसतात. पुढच्या रचनेत तोही नाही. याबद्दल त्याला तिकडे मान होता, विद्यार्थी होते आणि सोडून गेलेल्या तीन बायका होत्या. "मी त्यांना दोष देत नाही," असं तो उदारपणे म्हणायचा. मी मात्र दिला होता.

सकाळी तो पेन्सिलीनं चार ओळी लिहायचा, दुपारी त्यातल्या तीन खोडायचा. खोडरबराचा चुरा झाडताना आमची कामवाली म्हणाली, "बाई, हे साहेब नेमकं काय काम करतात?"

"निर्मिती," मी म्हणाले. तिच्या हातून केरसुणी काढून घेतली आणि तो चुरा स्वतः भरला. कुंकवाच्या रिकाम्या डबीत चिमूटभर जपूनही ठेवला. हे खोटं वाटत असेल, तर तुम्ही मला त्या वयात पाहिलेलं नाही.

तो इथे आला होता उलव्याकडे विमानतळासाठी डोंगर फोडत होते त्याचा आवाज पकडायला. मी दुभाषी म्हणून मागे मागे, भर उन्हात रेशमी साडीत. तिथल्या एका गावात हळदीच्या मांडवात एक म्हातारी गात होती. धवलारीण. आगरी लग्नात देवांना नाव घेऊन, गाव घेऊन मांडवात बोलावतात, ते धवले गाणारी. साहेबांनी माईक पुढे केला. तिनं तो हातानं बाजूला सारला. "इथं नाय. घरी या."

घरी गेल्यावर तिनं एकच अट घातली. "घरात कुनी शिकलं नाय. नातीचं लगीन होईल तवा मी नसेन. अख्खा धवला भरून द्या, तो मांडवात लावतील."

त्या दिवशी ती ओट्यावर बसून दीड तास गायली. घोगरा आवाज, मधे खोकला, सूर वाटेल तिथे. साहेब माईक लावून, डोळे मिटून ऐकत होते.

संध्याकाळी मला काळजी लागली, परदेशात पनवेल बेसूर जाणार! दुसऱ्या दिवशी मी रिक्षात पेटी आणि साहेबांना घालून हजर. काळी चारची पट्टी धरली. "आजी, सुरात."

"बाई, देव काय पेटी ऐकून येतात?"

मी हसून सोडून दिलं. निम्मे देवही गाळायला लावले, पाहुण्याला कंटाळा येईल म्हणून. शिकलेल्या बाईचा मान म्हणून ती गायली, तपासणीच्या दिवशी शाळेतली पोर गाते तशी. निघताना मात्र म्हणाली, "नातीला कालचंच द्या हां."

"हो हो," मी म्हणाले.

महिन्याभरानं डेन्मार्कहून त्याचा ईमेल: मला हवं ते मी घेतलं आहे, दोन्ही दिवसांचं कशाला साठवू, कुठला ठेवून तुम्हाला पाठवू? मी पाच मिनिटांत उत्तर दिलं. दुसरा. पहिला कच्चा आहे, काढून टाका. त्या माणसानं जन्मात एकदाच कुणाचं ऐकलं असेल.

त्याची रचना झाली. आठ चेलो, चाळीस मिनिटं. म्हातारीच्या गाण्यातलं त्यानं काय घेतलं? दोन ओळींच्या मधला तिचा श्वास. कार्यक्रमाच्या पुस्तिकेत माझे नावानिशी आभार होते, तिचा उल्लेख 'एक स्त्री'. मी ते पान लॅमिनेट केलं.

म्हातारी गेली. विमानतळासाठी गाव उठलं. गेल्या वर्षी तिची नात आली, लग्न ठरलं म्हणून. पेटीवरचं गाणं आणि साहेबांची चेलोची रचना, दोन्ही मी तिच्या फोनवर टाकलं आणि ती ऐकत बसली.

"ही माझी आजी नाय," पेटीवालं ऐकून ती म्हणाली. "ही तुमची विद्यार्थिनी हाय." चेलोवालं तिनं मिनिटभर ऐकलं. "ह्याच्यात तर ती नुसती दमलेली हाय. पहिल्या दिवसाचं घे म्हनली होती ती, ते कुठाय?"

मी खरं ते सांगितलं. तिनं फोन बाजूला ठेवला, पर्समधून वही काढली. मग म्हणाली, "तुमी होता ना बाई तिथं? दीड तास. आठवतं तेवढं सांगा, मी लिहून घेते."

मी डोळे मिटले. काय आठवावं? त्याच्या पांढुरक्या भुवया. थरथरणारा खालचा ओठ. नाकाच्या शेंड्यावर लोंबणारा घामाचा थेंब. म्हातारीनं पहिला देव कुठल्या गावचा बोलावला, माहीत नाही. दीड तास मी साहेबांना आवडतंय का ते बघत होते. तेही सांगितलं.

"मंग काय त्याचं थोबाड लावू मांडवात?"

मला हसू आलं. तिला नाही आलं. ती उठली, चपला घातल्या. "गावच्या बायका पांगल्यात. एकेकीला गाठून विचारते. कुनाला दोन ओळी तरी येत असतील."

"मी येते ना तुझ्याबरोबर," मी म्हणाले. "लिहून घ्यायला तरी."

"नको बाई," ती म्हणाली. "तुमी समोर असलात की त्या नीट गायला लागतील."