छत्तिसाव्या फोटोतली मी

आज शास्त्रीनगरच्या घरी बाबांच्या जुन्या निगेटिव्ह टॅबच्या पांढऱ्या स्क्रीनवर ठेवून मोबाइलने फोटो काढत होते, मग रंग उलटे करत होते. कानोता धरणावरच्या सहलीचा छत्तीस फोटोंचा रोल निघाला. पहिल्या चौतीस फोटोंत नुसती ताई! ताई दगडावर, ताई पाण्यात, ताई कणीस खाताना.

मी थेट पस्तीस आणि छत्तीसमध्ये. मतलब, रोल संपवून धुवायला टाकायचा म्हणून! तेही तिरके, अर्धं डोकं कापलेले.

चिडून ताईला फोन लावला.

"अगं, ते मीच काढलेत," ती म्हणाली. "रोलचे शेवटचे दोन फोटो बाबा मला काढू द्यायचे. मी दर वेळी तुझेच काढायचे."

क्षणभर भरून आलं. मग डोक्यात आलं, म्हणजे कॅमेरासुद्धा तिलाच!

धाकट्यांनो, आता जास्त कशावर जळू, चौतीस फोटोंवर की कॅमेऱ्यावर?