गस्तीच्या खोपटातली फायरवॉल

सकाळची कॉफी घेण्याआधी पाक तुकिमान गस्तीच्या खोपटात जायचे आणि तिथल्या जुन्या संगणकाच्या पाठीवर तळहात ठेवायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. "ठीक आहे," म्हणायचे. मग दारात टांगलेल्या, धोका दिसला की बडवायच्या पोकळ बांबूच्या टोल्यावरची धूळ झटकायचे. दोघेही राखणदारच. टोला चोरांसाठी, संगणक इंटरनेटवरून येणाऱ्यांसाठी.

इंडोनेशियातल्या मलांग शहरात नदीकडे उतरणाऱ्या आमच्या कनांगा गल्लीत मोबाइलला सिग्नल लागत नाही. म्हणून सगळ्या घरांनी मिळून एक जोडणी घेतली होती. ती या संगणकातून, त्यावरच्या फायरवॉलमधून गाळून घरोघर जायची. पाक तुकिमान आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करत आले होते. त्यामुळे ज्याला वायर आहे ते सगळं त्यांचं, असं गल्लीनं ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी मोबाइलवरच्या जुगाराची साथ आली. पाक तुकिमानांचा जावई वागियो गस्तीच्या पाळीला खोपटात बसून खेळायचा. आधी मोटरसायकल गेली. मग रत्मीच्या, त्यांच्या लेकीच्या, कानांतली सोन्याची फुलं गेली. कान दुखतात म्हणून काढली, असं तिनं वडिलांना सांगितलं. ते "हं" म्हणाले.

जुगाराची ती ठिकाणं रोज नाव बदलायची; जुन्या फायरवॉलला ती ओळखता येत नव्हती. नव्या आवृत्तीला येत होती, पण ती अजून चाचणीतच होती. रोजच्या कामाला वापरू नका, असं बनवणाऱ्यांनीच बजावलेलं.

गल्लीच्या प्रमुख बू हारिनींनी बैठक बोलावली; मोठ्या पुरुषाला आम्ही पाक म्हणतो, बाईला बू. नवी आवृत्ती घालावी का? सगळे हात वर गेले. वागियोचा सगळ्यांत उंच.

"मुलांसाठी काय वाटेल ते करू, पाक!" बू हारिनी म्हणाल्या.

"मग कराओकेचा संगणक द्या."

पाक तुकिमानांनी शांतपणे सांगितलं: नव्या आवृत्तीला चौसष्ट बिटांचा प्रोसेसर लागतो, चार जीबी मेमरी लागते. खोपटातला म्हातारा बत्तीस बिटांचा, मेमरी एक जीबी. गल्लीत तेवढ्या ताकदीचा मोकळा संगणक एकच, गाण्यांचा.

"अहो, मग सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाला, गायचं कशावर?"

"तोंडानं, बू."

"आमचं तोंड तुम्ही ऐकलेलं दिसत नाही!"

हशा ओसरल्यावर वागियो म्हणाला, "थांबू या ना, पाक. पक्की येऊ दे. कच्चं कशाला घ्यायचं?"

"कच्च्या फणसाची भाजी तर दोनदा वाढून घेतोस."

शेवटी गल्लीनं संगणक दिला, पण अटीवर: जावा बेटाच्या पंचांगातला चांगला दिवस बघायचा आणि शुभकार्याला करतात तसा पिवळ्या भाताचा डोंगर करायचा. पाक तुकिमानांनी दोन्ही मान्य केलं. जुन्या संगणकातलं नेटवर्क कार्ड काढून नव्यात बसवलं. प्रार्थना झाली, भात संपला, फायरवॉल सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी जुगार बंद होता. मुलांची शाळा, हवामानाचा अंदाज आणि बू हारिनींच्या पाककृतीही बंद होत्या. कच्च्या आवृत्तीला सगळं जगच संशयास्पद वाटत होतं. पाक तुकिमान एकेक वाट मोकळी करत बसले आणि बोलणी खात राहिले. पाककृतीवाले जोरात भांडले. ज्यांचं खरोखर कायमचं बंद झालं होतं, त्यांच्यापैकी कुणीच तक्रार घेऊन आलं नाही.

हे जुगारवाले वरच्या पुलावर गेले. तिथे सिग्नल लागतो. मीटबॉलच्या गाडीशेजारी गल्लीतले कर्ते पुरुष ओळीनं उभे राहू लागले, माना खाली, अंगठे चालू. विचारलं तर वारा खायला आलोय म्हणायचे. फायरवॉलनं जुगार थांबवला नव्हता. फक्त उजेडात आणून उभा केला होता. बाजाराची वाट त्याच पुलावरून जाते.

एका संध्याकाळी रत्मी पालेभाजी घेऊन वर आली आणि नवऱ्यासमोर थांबली. "वारा खाऊन पोट भरलं असेल तर घरी या," ती म्हणाली. "नसेल तर भात टाकतेच आहे."

गाडीवाला हसला. मग सगळा पूल हसला, ज्यांना हसण्याचा काही अधिकार नव्हता तेही. वागियोनं फोन खिशात टाकला आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

त्याचं सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. पुढेही तो अधूनमधून पुलावर दिसायचा. पण गस्तीच्या पाळीला तो टोला वाजवत खरोखर गल्लीतून फिरू लागला, आणि पावसाळा सरताना रत्मीच्या कानांत चांदीची छोटी फुलं आली. तिचे कान दुखायचे थांबले.

सतरा ऑगस्टला आम्ही तोंडानं गायलो. बू हारिनींचं म्हणणं खरं होतं.

पक्की आवृत्ती आली तेव्हा पाक तुकिमान नव्हते. ते झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी पाळीवर निघालेल्या जावयाला त्यांनी दारात थांबवलं होतं आणि थर्मास पुढे केला होता.

"कॉफी भरलीय, वागियो. साखर कमी पडलीय, ढवळून घे."