नर्सबाईंचा घोडा

परीक्षेचा दिवस उजाडला की आमच्या घरात पाया पडायला रांग लागायची. माझ्या नव्हे! मी पहाटेपासून पोळ्या लाटून मरतेय, माझ्या पाया कोण पडतंय? रांग आत्यासाठी. वरच्या खोल्यांत क्लासच्या मुली भाड्यानं राहायच्या. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं, आणि सगळ्यांना कुणीतरी सांगून ठेवलेलं की खालच्या आजी मुंबईला नर्स होत्या, त्यांचा हात लई गुणाचा. आत्याही पलंगावर ताठ बसून एकेकीच्या डोक्यावर हात ठेवायची. मला असा संताप यायचा! आमची आत्या नर्सिंगचं एक अक्षर शिकली नव्हती. ती सिनेमात घोड्यावर बसून गुंडांना चाबकानं फोडून काढायची.

ही थाप माझ्या वडिलांची. तेव्हा घर नांदेडला. त्यांची थोरली बहीण मुंबईला मावशीकडे म्हणून गेली आणि स्टंटपटांत शिरली. मोठे सिनेमे नव्हेत हो. ज्यांच्या जाहिरातीत नटीच्या आधी घोड्याचं नाव यायचं, असले. वडील एकदा मित्रांबरोबर टॉकीजला गेले, तर पडद्यावर सख्खी बहीण, तंग विजार घालून, गच्चीवरून उडी मारतेय! मधूनच उठून घरी आले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून विचारेल त्याला एकच उत्तर: "अक्का नर्सचं शिकून राहिलीय."

धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची होती, मान्य. पण लग्नं झाली, आत्या गुडघा मोडून कायमची परत आली, आम्ही लातूरला आलो, वडिलांनी डाळमिल टाकली, बहिणींना नातवंडं झाली, तरी ती नर्सच! गल्लीत कुणाचं पोर पडलं की आमच्या दारात. आत्या निमूट हळद लावायची, फडकं बांधायची.

"अगं, सांगून टाक की एकदाचं," मी म्हणायचे.

"कुणी ओळखून विचारलं तर सांगीन."

ओळखणार कोण, कप्पाळ! निम्म्या सिनेमांत तोंडावर काळी पट्टी. पण लग्नाला जाऊ दे, जत्रेला जाऊ दे, ही बाई पंगतीत बसून बायकांच्या तोंडाकडं बघत राहायची, कुणाच्या डोळ्यांत काही हलतंय का म्हणून. जन्मात एकदा, एकीनं तरी ओळखावं, एवढंच तिला पाहिजे होतं. मला ते दिसायचं, म्हणून तर जास्त चीड यायची.

मग गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंप झाला. आमच्या भिंतींना नुसत्या चिरा गेल्या. उजाडल्यावर खेड्यांकडून ट्रक आणि जीपा भरून माणसं सरकारी दवाखान्यात यायला लागली, आणि शेजारचे सायकल दुकानवाले चाचा धावत आमच्या दारात.

"नर्सबाई, चलो जल्दी! उधर हातां कम पड़ रए!"

मी वडिलांकडं बघितलं. बोला ना आता! इतकी वर्षं गावभर सांगत फिरलेला माणूस ओट्यावर मुका उभा. मीच म्हणायला गेले, "चाचा, अहो, आत्या काही..." तोवर आत्यानं पदर खोचलासुद्धा. "चल," मला म्हणाली.

व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरनं विचारलं, "काय काय येतं तुम्हाला?"

"मोडकं हाड हलू न देता धरता येतं," आत्या म्हणाली. खोटं नव्हतं ते. घोड्यावरून पडून पडून तिची स्वतःची इतकी हाडं मोडलेली की कुठं धरावं आणि कुठं नाही, हे तिचं अंगच शिकलेलं.

एक बाई पायाला कुणाला हात लावू देत नव्हती. घरातली माणसं ढिगाऱ्याखाली राहिलेली. नुसती ओरडत होती. आत्या तिच्याशेजारी बसली, पाय दोन्ही हातांत घेतला, डॉक्टर फळी बांधायला लागला. बाई ओरडायची थांबली आणि आत्याच्या तोंडाकडं टक लावून बघायला लागली.

"तू ती न्हाईस का? माहूरच्या जत्रंत तंबूतल्या शिनेमात पाह्यली व्हती म्या. घोड्यावरची. राजाचा वाडा पेटला तवा लेकराला घिऊन उडी टाकलीस."

अगं बाई, ओळखणारी आली! एवढ्या वर्षांनी आली! आत्याचे हात तसूभर हलले नाहीत.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "मी नर्स हाय. निवांत पड." त्या बाईनं डोळे मिटले.

मला वाटलं, डोकं भिंतीवर आपटून घ्यावं. घरी परतताना भर रस्त्यात मी तिच्यावर ओरडले. "जन्मभर वाट बघितलीस, आणि न्हाई म्हणतेस? हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"बये, तिचा पाय माझ्या हातात व्हता. नटीच्या हातात कुणी मोडका पाय देतं का?"

थोडं पुढं जाऊन ती थांबली. "राजाचा वाडा म्हणली ना ती? ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

"त्याच उडीत गुडघा गेला माझा." मग चालता चालता, "पुन्हा सांग बरं, काय म्हणली." मी रडत रडत सांगितलं. पुढं कितीदा तरी सांगितलं. भाजी निवडतानासुद्धा मध्येच विचारायची.

आत्या गेली तेव्हा वडील हयात नव्हते. क्लासच्या मुलींनी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचं ठरवलं. मजकूरही त्यांचाच: सेवाभावी परिचारिका. फोटो तेवढा माझ्याकडं मागितला. मी पेटीतून काढून दिला: घोड्यावर बसलेली, हातात चाबूक, तोंडावर पट्टी नाही. फ्लेक्सवाल्याकडं मी स्वतः गेले, भरवसा नको म्हणून. त्यानं कॉम्प्युटरवर फोटो घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"काकू, घोडा काढून टाकतो. पांढरी साडी बसवतो, टोपी बसवतो. नर्सबाई शोभून दिसतील."

"घोड्याला हात लावशील तर याद राख!" माझा आवाज दुकानाबाहेर गेला असेल. "त्या घोड्यावर ती स्वतः बसली होती. उडीसुद्धा स्वतः मारली होती. घोड्यासकट छाप!"

तो गडबडला. "बरं, बरं. मग खालचं परिचारिका काढू का?"

माझ्या ओठांवर हो आलेलं. पण मला तो व्हरांडा आठवला, तिचे न हललेले हात आठवले.

"ते राहू दे," मी म्हटलं. "एक दिवस होती ती नर्स."