उजवी ताई, डावी ताई

मास्तरीणबाईंनी आयुष्यात कधी कुणाला शिकवलं नाही. कटिंगमास्तर म्हणजे पुरुषच असणार अशी लोकांची ठाम समजूत. मग बाई कोट बेतायला लागली म्हटल्यावर तिला काय म्हणायचं? मास्तरीणबाई! चिकटलं ते चिकटलं. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. मधोमध कापायचं टेबल, खिडकीशी कॉम्प्युटर आणि भिंतीला लागून पॅटर्न छापायचं लांबलचक मशीन. गिऱ्हाइकाची मापं घालायची, पडद्यावर कोट आखायचा, कागदावर छापायचा आणि त्या कागदाबरहुकूम कापड कापायचं.

आखणीच्या प्रोग्रॅमची दोन जुनी व्हर्जन्स त्या कॉम्प्युटरवर एकत्र नांदत होती. एक इतकी म्हातारी की छपाईचं मशीन फक्त तिचंच ऐकायचं. दुसरीवर रोजची आखणी व्हायची. बाई त्यांना थोरली जाऊ आणि मधली जाऊ म्हणायच्या. मधलीने आखायचं, थोरलीने छापायचं, आणि दोघींच्या वाटेला कुणी जायचं नाही. बाईंच्या नवऱ्याचा तर नियमच होता, चालत्या गाडीला खीळ घालू नये.

आणि एका सकाळी ताईचा फोन आला.

ताई म्हणजे बाईंची मोठी बहीण. रेडिओवर बातम्या वाचायची. आवाज घराघरांत पोचलेला, पण समोर उभी राहिली तर कुणी ओळखणार नाही. तिला तेच हवं होतं. लहानपणापासून तिचा पाठीचा कणा एका बाजूला वळलेला, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. कुठलाही कोट घातला की डावीकडे ओघळायचा आणि पाठीवर मोठी चुणी पडायची.

"मला टीव्हीवर बातम्या वाचायला बोलावलंय," ताई म्हणाली. "शनिवारपर्यंत कळवायचंय. मी नाही म्हणणार आहे."

"का?" बाई ओरडल्याच. "डोकं फिरलंय का तुझं?"

"डोकं सरळ आहे गं, चिमे. पाठ सरळ नाहीये. तू मला अंगावर नीट बसणारा एक कोट दाखव, मग बघू."

आता आली का पंचाईत! मधली जाऊ फक्त उजवं अर्धं अंग आखायची आणि डावं आरशासारखं उलटवून द्यायची. जगातली सगळी माणसं दोन्हीकडून सारखी, असा तिचा भाबडा विश्वास. बाईंनी ताईचे कितीतरी कोट शिवले, डावीकडे आत पॅड भरून पाहिले, पण कोट ओघळायचा तो ओघळायचाच. मात्र त्याच प्रोग्रॅमचं नवं व्हर्जन आलं होतं आणि ते डावं-उजवं वेगवेगळं आखत होतं! विकत घ्यायची ऐपत नव्हती. पण महिनाभर वापरून बघायला फुकट होतं.

"अहो, मी ट्रायल टाकतेय!"

नवरा चहाचा कप घेऊन तसाच बाहेर आला. "अगं, ही तिसरी घरात आली की आधी पहिल्या दोघींना बाहेर काढेल. मग सगळी गिऱ्हाइकं बसतील बोंबलत."

"काढू देते होय मी!"

पण मनात धाकधूक होतीच. बाईंनी आधी गिऱ्हाइकांचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं, पेनड्राइव्ह काढून ब्लाउजमध्ये खोचला आणि मग इन्स्टॉल सुरू केलं. पुढे, पुढे, पुढे असं दाबत सुटायची लोकांची खोड असते. बाई मात्र प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होत्या. आणि बरं झालं बाई वाचत होत्या! 'इतर पर्याय' नावाच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आधीची व्हर्जन्स काढून टाका.' आणि चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली!

"बघा, बघा चोर! न विचारता!" बाईंनी खूण काढली, नवीला वेगळं फोल्डर दिलं आणि श्वास रोखून बसल्या. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला. थोरली उघडली. मधली उघडली. नवीही उघडली! तिघी जावा एका घरात आणि भांडण नाही! बाईंनी नवऱ्याला धरून टेबलाभोवती एक गिरकी मारली. चहा सांडला, पण त्याचं कुणाला काय!

त्याच भरात घात झाला. डेस्कटॉपवर ताईचा पॅटर्न होता, त्यावर त्यांनी सवयीने दोनदा क्लिक केलं. मधली उघडायच्या ऐवजी नवी पुढे धावली. 'ही फाइल नव्या पद्धतीत बदलायची?' आतापर्यंत अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या बाईंनी या वेळी धाडकन 'हो' दाबलं. रेषा आल्या, पण मापांच्या चौकटी कोऱ्या! मधलीत उघडायला गेल्या, तर ती ओळखच दाखवेना.

"पेनड्राइव्ह आहे ना?" नवरा म्हणाला.

पेनड्राइव्हवर सगळी गिऱ्हाइकं होती. ताई नव्हती. सख्ख्या बहिणीला गिऱ्हाइकांच्या फोल्डरमध्ये कोण घालतं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! बाईंना रडूच कोसळलं. ताईची मापं फार पूर्वी एकदाच घेतली होती, तीही फक्त उजवीकडची. डावीकडे तिने कधी टेप लावूच दिला नव्हता. डावं अंदाजाने घालू, असा बाईंचा बेत होता. आता अंदाज तरी कशावरून करणार? त्यांनी फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं.

"येते," ताई एवढंच म्हणाली.

नवऱ्याला आत पिटाळून बाईंनी दार लावलं. ताई उभी राहिली, भिंतीकडे बघत. उजवीकडचं झालं. मग टेप डावीकडे आला आणि ताईचं अंग आखडलं. बाई मोठमोठ्याने आकडे बोलत राहिल्या, कुठल्याही गिऱ्हाइकाचे बोलतात तसे. खांदा, काख, पाठ, कंबर.

"एवढाच फरक?" ताईने वळून विचारलं.

"एवढाच की गं!"

मापं नवीत घातली आणि पडद्यावर ताई उभी राहिली, हुबेहूब, एक खांदा खाली घेऊन! तिच्या अंगावर कोट चढला. चुणी नाही, ओघळ नाही. दोघी बहिणी लहान पोरींसारख्या किंचाळल्या. बाईंनी छपाईचं बटण दाबलं. 'ट्रायलमध्ये छपाई बंद आहे.'

"मेलीने दाखवलं आणि हातावर टेकवलं नाही!" बाई म्हणाल्या. आणि एकदम टुणकन उठल्या. मधलीला अर्धंच माणूस कळतं ना? मग तिला दोन माणसं देऊ! त्यांनी मधलीत दोन नवी गिऱ्हाइकं लिहिली, उजवी ताई आणि डावी ताई. एकीला उजवीकडची मापं दिली, दुसरीला डावीकडची. नवीत बघत बघत एकेक रेष आखली. थोरलीने खडखडत दोन्ही कोट छापले. बाईंनी एकाचा उजवा अर्धा घेतला, दुसऱ्याचा डावा, आणि पाठीच्या मधल्या शिवणीवर दोन्ही जोडले. ताई हलायलाच तयार नव्हती. कापड कापलं जात होतं, कच्चे टाके पडत होते आणि ती स्टुलावर बसून सुया ओवून देत होती.

कोट अंगात घालून ताई आरशासमोर गेली. समोरून बघितलं. वळली. मान मागे वळवून वळवून पाठ बघितली. बाई तोंडात टाचण्या धरून उभ्या होत्या, त्यांना विचारायचा धीर होईना.

ताईने कोट न काढताच टीव्हीवाल्यांना फोन लावला.

"मी बोलतेय. हो, येतेय मी," ती म्हणाली, त्या सगळ्यांच्या ओळखीच्या आवाजात. "फक्त एक विचारायचं होतं. बातम्या बसूनच वाचाव्या लागतात का? मला उभं राहून वाचायच्यात."